पांढरकवड्यात आपला कॉम्प्युटर आपण जोडताना

आजचा विषय तसा दुकानदाराचा वाटेल: सुटे भाग आणून घरीच डेस्कटॉप कॉम्प्युटर जोडणे. आपल्याकडे त्याला 'असेम्बल' म्हणतात, आणि 'असेम्बल केलेला आहे' हे वाक्य लोक जरा खालच्या आवाजात बोलतात, जणू ब्रँडेड घ्यायला पैसे पुरले नाहीत. तो समज आज थोडा हलवायचा आहे. पण आधीच सांगून ठेवतो, आम्ही स्वस्ताईची जाहिरात करायला आलेलो नाही. पत्रं टाईप करायची, मुलांचे फॉर्म भरायचे, एवढंच काम असेल तर ऑफिसांतून निघालेला, दुरुस्त करून विकायला ठेवलेला जुना डेस्कटॉप घ्या. तो जोडलेल्या यंत्रापेक्षा बहुधा स्वस्त पडतो. नव्या ब्रँडेड यंत्राशी तुलना केली तरी बचत फार निघत नाही, कारण कंपनी भाग हजारोंनी घेते आणि आपण एकेक घेतो.

मग जोडायचा काहून? त्याचं उत्तर नकाशात आहे. कागदावर तालुका केळापूर, गाव पांढरकवडा. इथून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग, म्हणजे जुन्या लोकांचा सात नंबर, देशातला सगळ्यात लांब राष्ट्रीय महामार्ग. वर नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, खाली पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. रस्त्यानं ट्रक चोवीस तास धावतात, पण यंत्र बिघडलं की ते उघडून पाहणारा माणूस त्याच रस्त्यानं वेळेवर येईलच असं नाही.

आता असं समजा. पीक विम्याची शेवटची तारीख आहे. सेवा केंद्रासमोर सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन तीस-चाळीस शेतकरी उभे आहेत. दुपारी लाईन जाते, येते, आणि कॉम्प्युटर काही सुरू होत नाही. केंद्रचालकाला एवढंच माहीत आहे की 'सीपीयू बिघडला'. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप, आणि ती बिघडण्याची शक्यता सगळ्यात कमी.) तो डबा उचलून गाडीत घालतो आणि शहराकडे निघतो. त्या दिवसाचे अर्ज राहिले ते राहिले. दुसऱ्या केंद्रात ज्यानं आपलं यंत्र स्वतः जोडलंय, तो म्हणतो: पंखा फिरत नाही, बोर्डावरचा दिवा लागत नाही, म्हणजे पहिला संशय पॉवर सप्लायवर. फळीवर एक जास्तीचा ठेवलेला आहे. चार स्क्रू, दोन-तीन जोडण्या, अर्धा तास. जोडणीचा खरा मोबदला हा आहे. कोणता भाग गेला हे तुम्हाला कळतं आणि तेवढाच भाग बदलता येतो.

हे शक्य कशामुळे झालं? १९८१ साली आयबीएमनं आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला तेव्हा बाजारातले तयार भाग वापरले आणि त्याची आतली रचनाही पुस्तकात छापून टाकली. इतरांनी त्याच्या बरहुकूम यंत्रं केली. पुढे १९९५ साली इंटेलनं एटीएक्स नावाचं माप ठरवलं: मदरबोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठे, वीज कोणत्या पिनेतून. म्हणून एका कंपनीचं कॅबिनेट, दुसरीचा बोर्ड आणि तिसरीचा पॉवर सप्लाय एकत्र नांदतात. काही ब्रँडेड यंत्रांत मात्र पॉवर सप्लायचा आकार आणि पिना त्या कंपनीच्या खास असतात, आणि तो गेला की त्याच कंपनीचा शोधत बसावं लागतं. ब्रँडेड घेणार असाल तर झाकण उघडून एवढं नक्की बघा.

जोडून यंत्र बनवण्याला कमी लेखणाऱ्यांसाठी आपल्या महाराष्ट्रातलीच दोन उदाहरणं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी 'टिफ्रॅक' हा कॉम्प्युटर स्वतः आखून, स्वतः जोडून उभा केला. त्याची स्मृती होती २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. आजच्या हिशेबात ती १० किलोबाइट भरते. मोबाइलमधला एक लहानसा फोटोही तीत मावणार नाही. दुसरं उदाहरण पुण्याच्या सी-डॅकचं. १९९१ साली आलेला 'परम ८०००' हा महासंगणक बाहेरून आणलेल्या ट्रान्सप्युटर चिपा एकमेकींना जोडून उभा राहिला होता. चिपा विकत मिळत होत्या. त्या जोडायच्या कशा आणि त्यांच्याकडून एकत्र काम करून घ्यायचं कसं, हे ज्ञान इथलं. त्या प्रकल्पाचे प्रमुख विजय भटकर हे आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. तेव्हा असेम्बल म्हणताना आवाज खाली करायचं कारण नाही.

आता कामाचं. पहिली अडचण भाग निवडण्याची, आणि तिथे चूक झाली तर पार्सल परत पाठवण्यात आठवडा जातो. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचं सॉकेट एकच हवं. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीला एलजीए १७०० लागतं. एएमडीचं जुनं सॉकेट एएम४ आणि २०२२ पासूनचं एएम५. रॅमचंही तसंच. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी. बसत नसेल तर जोर लावू नका, ती तुमच्या बोर्डाची रॅमच नाही. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते; एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, म्हणून तिथे खोक्यावरचं वाचूनच घ्या. आणखी एक सापळा असा: इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त म्हणून लोक घेतात, घरी आणून जोडतात आणि पडदा काळाच राहतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नसेल तर 'एफ' घेऊ नये. १६ जीबी रॅम घ्यायची तर ८ च्या दोन पट्ट्या घ्या. दोन वाटांनी माहिती जाते, वेग वाढतो, आणि एक पट्टी गेली तर दुसरीवर काम चालू राहतं.

खरेदीसाठी नागपूरची सीताबर्डी जवळ, मुंबईचा लॅमिंग्टन रोड नावाजलेला, सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटरही आपल्याच महामार्गाच्या खालच्या अंगाला. कुठूनही घ्या, पण प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. ब्रँडेड यंत्राला बहुधा सरसकट एक वर्षाची हमी असते. सुट्या भागांना प्रत्येकाची वेगळी, अनेकांना तीन वर्षं किंवा त्याहून जास्त. पण ती हमी बिलावर चालते, दुकानदाराच्या ओळखीवर नाही.

आता जिथे जास्त वेळ द्यायचा आहे तिथे येऊ. परदेशातल्या व्हिडिओत माणूस वातानुकूलित खोलीत, गालिच्यावर बसून यंत्र जोडतो. त्याला विचारच करावा लागत नाही अशा तीन गोष्टी आपल्याकडे आहेत: ऊन, वीज आणि धूळ.

उन्हापासून सुरुवात करू. प्रोसेसरवर बसतो त्या पंख्यालाही कूलर म्हणतात. विदर्भात कूलर म्हटलं की वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचा पंप डोळ्यांसमोर येतो, म्हणून फरक नीट समजून घ्या. प्रोसेसरचा कूलर हवा थंड करत नाही. तो फक्त चिपची उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. समजा पूर्ण काम चालू असताना तुमचा कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा ४५ अंश वर ठेवतो. खोली २५ अंशांची असेल तर चिप ७० वर, मजेत. मे महिन्यात टिनाखालच्या दुकानात ४४ अंश असतील तर तीच चिप ८९ वर. हल्लीच्या प्रोसेसरांची सहनमर्यादा साधारण ९० ते १०० अंश. तिथे पोचलं की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. 'उन्हाळ्यात कॉम्प्युटर हळू चालतो' ही तक्रार म्हणूनच मनाचा खेळ नव्हे. तेव्हा डब्यातल्या फुकट कूलरपेक्षा थोडा मोठा कूलर घ्या, कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेच्या दर्शनी भागाच्या मोहात पडू नका. प्रोसेसरही ६५ वॅटच्या वर्गातलाच घ्या, कारण जी उष्णता निघालीच नाही ती बाहेर काढावी लागत नाही.

आणि आपला तो मोठा कूलर? खोली थंड करायला उत्तमच. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. त्यातून पाण्याचे बारीक थेंब उडतात, आत बसलेल्या धुळीशी त्यांचा चिखल होतो, आणि हा चिखल बोर्डावर गंज आणतो.

विजेकडे वळू. एकवेळ प्रोसेसर हलका घ्या, पण पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या सप्लायवर ४५० वॅट लिहिलेलं असतं, तेवढे देईलच याची खात्री कोण देणार? ग्राफिक्स कार्ड नसलेलं घरगुती यंत्र तर शंभर वॅटच्या आत-बाहेरच खातं. म्हणजे आकड्यापेक्षा आतला माल महत्त्वाचा. यात विद्युत-द्राव भरलेले कॅपॅसिटर असतात, आणि त्यांचा ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं तर आयुष्य निम्मं. स्वस्त सप्लायमध्ये ८५ अंशांचे बसवतात, बऱ्यामध्ये १०५ अंशांचे. आपल्या उन्हाळ्यात हा फरक वर्षांमध्ये मोजावा लागतो. नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा घ्या. आणि सप्लायचा डबा कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब काही काळ शिल्लक राहू शकतो.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव इथे बसलेल्यांपैकी अनेकांना असेल. लोक म्हणतात, 'यंत्र खराब आहे.' यंत्र बहुतेक वेळा ठीक असतं. सप्लायच्या दाराशी दोन छोटे कॅपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याकडे, एक न्यूट्रलपासून पत्र्याकडे. विजेतली खरखर जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. जमिनीची तार जोडलेलीच नसेल तर पत्रा मध्येच लोंबकळतो, २३० च्या साधारण निम्म्यावर. प्रवाह फार थोडा असतो, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण प्रिंटर किंवा मॉनिटरची केबल चालू यंत्रात खुपसताना तोच दाब पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट जाळू शकतो. शिवाय खरा बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली, तर ती जायला रस्ता नाही. म्हणून तीन पिनी प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनी बोर्डात घालणं हा जिवाशी खेळ आहे.

आपली काळी माती ओली असते तेव्हा अर्थिंगला फार चांगली. उन्हाळ्यात तीच भेगाळते आणि खड्ड्यातल्या पाइपाला धरून राहत नाही. म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत चला, आणि इलेक्ट्रिशियनकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. या व्याख्यानातून घरी एकच गोष्ट न्यायची असेल तर ही न्या. कॉम्प्युटर जोडा किंवा न जोडा.

यूपीएसच्या डब्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, ते वॅट नव्हेत. त्यातून साधारण ३६० वॅट मिळतात. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर कागदावर ८४ वॅट-तास, प्रत्यक्षात निम्म्यावर समजा. यंत्र आणि मॉनिटर मिळून १२० वॅट खात असतील तर पंधरा-वीस मिनिटं. फाइल जतन करून नीट बंद करायला पुरेशी, दुपारभर अर्ज भरायला नाहीत. घरातल्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर हवं. नाहीतर लाईन जाण्या-येण्याच्या मधल्या क्षणात यंत्र पुन्हा सुरू होतं. चांगला सप्लाय १५-१६ मिलिसेकंदांचा खंड सोसतो, त्याहून जास्त नाही. यूपीएसच्या बॅटरीलाही तोच १० अंशांचा नियम लागू आहे, म्हणून ती खिडकीतल्या उन्हात ठेवू नये.

धुळीबद्दल थोडक्यात. वेचणी सुरू झाली, जिनिंग चालू झालं की हवेत कापसाचे तंतू असतात. ते कूलरच्या पात्यांवर गोधडीसारखे बसतात आणि वर सांगितलेला ४५ अंशांचा फरक ५५ वर नेतात. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे हवा फक्त जाळीतून आत येते, फटींतून नाही. जाळी महिन्याला धुवा, आतला भाग हंगामानंतर ब्रशनं साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

प्रत्यक्ष जोडणी, खरं सांगायचं तर, सगळ्यात सोपी. एका दुपारचं काम. लाकडी टेबलावर बसा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, मग बोर्ड हातात घ्या. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा आणि नुसता ठेवा. दाबायचं काम खटक्याचं आहे. सॉकेटच्या पिना वाकल्या तर हमी गेली. वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट, त्यावर कूलर. रॅम बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बोर्डाखाली पितळी ठोकळे बसवायचे, नाहीतर बोर्ड पत्र्याला टेकून शॉर्ट होतो. मग २४ पिनांची मोठी जोडणी, आणि प्रोसेसरची वेगळी ८ पिनांची, जी कोपऱ्यात लपलेली असते आणि हटकून विसरली जाते.

पहिल्यांदा बटण दाबलं आणि पडदा काळा राहिला, तर लगेच सगळं उपसू नका. डीडीआर५ चं यंत्र पहिल्या वेळी रॅमची ओळख करून घ्यायला काही मिनिटं घेतं. चहा घेऊन या. तरीही काळाच असेल तर बोर्डावरचे चार छोटे दिवे बघा. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, डिस्क यांपैकी ज्याचा दिवा अडून राहिला, तिथे अडचण. मॉनिटरची तार ग्राफिक्स कार्ड सोडून बोर्डाच्या पोर्टात लावलेली असणं, हे काळ्या पडद्याचं नेहमीचं कारण. रॅम काढून खोडरबरनं घासायची आपली जुनी पद्धत आहे. हलक्या हातानं चालतं, पण अनेकदा गुण रबराचा नसतो, पट्टी काढून पुन्हा नीट बसवल्याचा असतो.

हे एकदा हातानं केलं की यंत्र एका वेळी एक भाग बदलत वर्षानुवर्षं चालतं. २०१७ च्या कित्येक एएम४ बोर्डांवर बायोस बदलून २०२० च्या अखेरीस आलेला रायझन ५००० बसतो. आज ८ जीबी, हातात कापसाचे पैसे आले की आणखी ८. आमच्या मते हीच खरी बचत आहे, आणि ती दुकानात दिसत नाही, पाचव्या-सहाव्या वर्षी दिसते.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न: मुलीला कॉलेजसाठी हवाय. लॅपटॉप बरा की हे?
उत्तर: ताई, ती होस्टेलला जाणार असेल तर लॅपटॉपच. घरी राहणार असेल, दोन भावंडं वापरणार असतील, तर डेस्कटॉप. आणि तो दुकानातून जोडून आणण्याऐवजी तिलाच जोडू द्या, शेजारी बसा.

प्रश्न: शाळेत जुनी यंत्रं पडून आहेत. विंडोज १० बंद झालं म्हणतात, मग ती भंगारात द्यायची का?
उत्तर: विंडोज १० चं नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना घेत नाही. पण यंत्र मेलेलं नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा, लिनक्स टाका. ते फुकट आहे, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात येतो. टायपिंग, इंटरनेट, मुलांचा सराव, एवढ्याला भरपूर झालं. आणि ती यंत्रं आधी मुलांना उघडून जोडायला द्या. एमएस-सीआयटी केलेली आपली कितीतरी पोरं माऊस छान चालवतात, पण झाकण उघडायला घाबरतात.

प्रश्न: आमच्याकडे उंदरांनी दोनदा तारा कुरतडल्या. पाल पण आत जाऊन मेली.
उत्तर: काकाजी, हा प्रश्न परदेशातल्या कुठल्याच व्हिडिओत येत नाही. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. मागच्या बाजूला कार्डांच्या रिकाम्या फटी असतात, त्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या लोक काढून टाकतात. त्या परत लावा. बोर्डाच्या पोर्टांभोवतीची चौकटही लावलेलीच हवी. पंख्याच्या तोंडावर बारीक लोखंडी जाळी बसवा, हवा अडेल इतकी दाट नको. पाल ऊब शोधत सप्लायमध्ये शिरते, म्हणून रात्री मुख्य बटण बंद करून यंत्र गार होऊ द्या. आणि यंत्राशेजारी शेंगदाण्याची पिशवी ठेवू नका.